पहिली लाटी

"चष्म्याचा नंबर तोच आहे, शैलाताई. पण डोळ्यांच्या पडद्यावरच्या रक्तवाहिन्या आकसल्यात," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "रक्तदाब कधी तपासलाय?"

"पाळी गेल्यापासून अंगातून वाफा निघतात, तेवढंच. बाकी मी ठणठणीत!" पण दंडाला पट्टा बांधला आणि ठणठणीतपणाचं पितळ उघडं पडलं. पाळी थांबल्यावर बायकांचा दाब बरेचदा चढतो, त्याची चाहूल कधी कधी डोळ्यांतच लागते, असं सांगून बाईंनी गोळी लिहून दिली आणि मीठ कमी करायला बजावलं. शेजारी बसलेल्या नवऱ्याने, भास्कररावांनी, चिठ्ठी घडी घालून खिशात ठेवली.

शैलाताईंचा चेहरा उतरला. उन्हाळा तोंडावर होता. कॉलनीत कुणाच्याही घरी पापड असोत, मीठ आणि पापडखार जमलाय का, ते पहिली लाटी खाऊन शैलाताईच ठरवायच्या. आणि मग पुढच्या दहा लाट्या नुसत्याच खायच्या.

रविवारी त्यांच्याच अंगणात पीठ कुटून झालं. बायका लाटणी घेऊन खोळंबल्या. शैलाताईंनी लाटी तेलात बुडवली, उसासा टाकला आणि नवऱ्यापुढे धरली. बायका फिसकन हसल्या. आमटी कितीही खारट होवो, तीस वर्षांत या माणसाने 'छान'खेरीज शब्द काढला नव्हता.

भास्कररावांनी डोळे मिटून लाटी चघळली.

"मीठ जास्त झालंय."

शैलाताई बघतच राहिल्या. "म्हणजे इतकी वर्षं कळत होतं तुम्हाला?"

"कळायचं की! पण तेव्हा प्रश्न माझ्या जिभेचा होता," ते म्हणाले. "आता तुझ्या डोळ्यांचा आहे."