भाषा बंद करायचं काम

"म्हणजे तुमची ही भाषा आजपासून बंद, प्रज्योतसर," लॅपटॉपमधून जागृती म्हणाली. ती बेलापूरच्या ऑफिसात बसली होती आणि वयानं लहान असली तरी त्याची साहेब होती. "वाईट वाटून घेऊ नका हां."

प्रज्योत बोर्ली पंचतनला घराच्या पडवीत बसला होता. शेजारी त्याची आई, आवडाबाई, सुपाऱ्या सोलत होती. जहाज कंपन्यांकडून येणाऱ्या मालाच्या याद्या न्हावा शेवाच्या बंदराला कळतील अशा साच्यात बदलायच्या, एवढंच ती संगणकाची जुनी भाषा करायची. प्रज्योत तिच्यातला तज्ज्ञ होता. बाकीचे सगळे सोडून गेले की तज्ज्ञ होणं फारसं अवघड नसतं.

पावसाळाभर कंपनीनं त्याला एकच काम दिलं होतं. जुन्या भाषेतलं सगळं आपोआप नव्या भाषेत उतरवेल असा प्रोग्राम लिहायचा. तो झाला की नोकरी संपली. पन्नाशीच्या तोंडावर दुसरी नोकरी म्हणजे पुणं, आणि पुण्यात घर म्हणजे इथली वाडी विकणं. "मग जरा रेंगाळत करा की," असं त्याची बायको शिवानी म्हणाली होती. पण वाईट काम करायची त्याला सवय नव्हती. प्रोग्राम उत्तम झाला.

"सगळं उतरलं ना?"

"सगळं."

"मग जुनं डिलीट मारते."

"मारा. पण जहाजवाले याद्यांच्या नियमांतले बदल अजून जुन्या भाषेतच लिहून पाठवतात. रोज."

"त्यांना नवी शिका म्हणून कळवलंय ना?"

"कळवलंय. त्यांनी समिती नेमलीय."

"ठीक आहे. तुमचा तो उतरवणारा प्रोग्राम तेवढा ठेवू. तो कुठल्या भाषेत लिहिलाय?"

"जुन्या."

ती उठून वरच्या साहेबांना विचारून आली.

"ओके. भाषा राहू दे. तुम्ही पण राहा. पण हे टेम्पररी आहे हां, सर. समितीचा रिपोर्ट येईपर्यंतच."

त्यानं लॅपटॉप मिटला.

"काय म्हनली रं ती बाय? ऱ्हायली नोकरी?" आवडाबाईनं विचारलं.

"राहिली. पण तात्पुरती."

"व्हय? मंग जेवायला बस निवांत." तिनं पुढची सुपारी उचलली. "वढ्यावरचा लाकडी साकव पन तात्पुरताच घातलेला. मी नवरी व्हऊन आले ती त्याच्यावरनं. शिवानी पन त्याच्यावरनंच आली."