सहीची प्रत

सुलाबाईंनी पुस्तकाचं पहिलं पान दाराकडच्या उजेडात धरलं. "ही त्यांची सही नाय," त्या म्हणाल्या.

रविराज खुर्चीतून उठला, खिडकीपर्यंत गेला, परत येऊन बसला. हेच ऐकावं लागेल या भीतीनं तो आठवडाभर येवल्याला यायचं टाळत होता.

सातपूरच्या कारखान्यात नोकरी करत त्यानं जुन्या पुस्तकांच्या पहिल्या आवृत्त्या जमवल्या होत्या, शक्यतो लेखकाची सही असलेल्या. त्यात सगळा जीव सावळीरामांच्या एकुलत्या एका कादंबरीत. कॉलेजात असताना वाचनालयातून आणलेली ती कादंबरी त्याला परत करवेना, नुसती मुदत वाढवत राहिला होता. सहीची प्रत हाती लागायला पुढं कितीतरी वर्षं गेली. येत्या रविवारी नाशिकला त्याच्या संग्रहाचं प्रदर्शन होतं. मधल्या काचेच्या पेटीत हीच प्रत ठेवायची होती.

आणि प्रफुल्लनं सावळीरामांचं एक जुनं पोस्टकार्ड आणून पुस्तकाशेजारी ठेवलं. प्रफुल्लही संग्राहक, जुना मित्र. "कार्डावरची सही बघ, कशी भरभर केलीय. पुस्तकातली जपून जपून काढलीय. कुणीतरी गिरवलीय रे."

तेव्हापासून रविराजला चैन नव्हतं. जेवताना ताटावरून उठून तो भिंग घेऊन बसायचा. कधी वाटे, त्यांचीच आहे. पान मिटलं की वाटे, नाहीच. शेवटी पुस्तक पिशवीत घातलं आणि सावळीरामांच्या पत्नीचं घर शोधत तो आला.

"म्हणजे बनावटच," तो म्हणाला आणि पुस्तक घ्यायला हात पुढं केला.

सुलाबाईंनी पुस्तक सोडलं नाही. शाईवरून त्यांनी बोट फिरवलं. "बनावट कशाची? माझ्या हातची हाय."

आतल्या खोलीत पुतण्याचा हातमाग चालू होता. त्या उठल्या, मधलं दार लोटून आल्या आणि हळू आवाजात सांगू लागल्या.

पुस्तक छापखान्यात असतानाच सावळीरामांना लकवा झाला. उजवा हात गेला. प्रकाशकानं सह्यांसाठी खोकंभर प्रती घरी पाठवल्या. सावळीराम खोक्याकडं पाठ करून निजून राहिले. लिहिणाऱ्याचा हात गेला हे कुणाला कळायला नको, एवढंच पुन्हा पुन्हा म्हणायचे.

"मग मी त्यांची जुनी सही समोर ठेवली. मागावर पैठणीच्या पदरावरचा मोर बघून बघून उतरवतो ना, तशी उतरवली. आधी पाटीवर. जमायला लागल्यावर पुस्तकांत. शेवटच्या पुस्तकाला म्हणाले, सुले, माझ्यापेक्षा बरी काढतीस. हसले, अन् मग लय रडले."

"म्हणजे सहीच्या जेवढ्या प्रती आहेत त्या..."

"सगळ्या माझ्याच. त्यांच्या मागं इतकी वर्षं गेली, आता लपवून काय करू?" त्यांनी पुस्तक मांडीवर ठेवलं. "तुम्हाला नको असंल तर ठेवून जा. घरात एकबी राहिलं नाय."

रविराजनं नकारार्थी मान हलवली. कितीतरी दिवसांनी तो एका जागी स्वस्थ बसला होता. त्यानं खिशातलं पेन काढून त्यांच्यापुढं धरलं.

"मावशी, या सहीखाली तुमची सही करून द्या. रविवारी पेटीत हेच पान उघडं ठेवतो."

"माझी कशाला? पुस्तक त्यांचं."

"तरी करा."

सुलाबाई लाजल्या. हात पदराला पुसला, चष्मा लावला आणि पानावर वाकल्या. पेन फार सावकाश फिरत होतं. त्यांनी पुस्तक त्याच्याकडं वळवलं तेव्हा शाई अजून ओली होती. जुन्या सहीखाली पुन्हा तीच सही होती. सावळीराम. वळण न् वळण तेच.

"मावशी, ही नाही. तुमचं नाव लिहा."

सुलाबाईंनी पेन त्याच्या हातात परत दिलं.

"मला लिहायला एवढंच नाव येतं, बाबा. माझ्या नावापुढं मी अंगठा लावते."