गच्चीवरची भेंडी

उन्हं तापायला लागली आणि बायकोने गच्चीवरच्या कुंड्यांत लावलेल्या टोमॅटोच्या रोपांनी माना टाकल्या. "तुझ्या हाताला गुणच नाही," तिचा निवृत्त ड्राफ्ट्समन नवरा सहज बोलून गेला. "मग सांभाळा तुम्हीच!" एवढं म्हणून तिने जो अबोला धरला, तो काही केल्या सुटेना.

माफी मागायला त्याची जीभ रेटेना. त्याने त्याच कुंड्यांत भेंडी पेरली. पहिली ओंजळभर भेंडी गुपचूप ओट्यावर ठेवायची, पुढचं तीच बोलेल, असं त्याने मनाशी ठरवलं. रोज बायको उठायच्या आत तो पाण्याची बादली घेऊन, दर पायरीला गुडघ्यावर हात टेकत, दोन जिने चढायचा. रोपं तरारली, कळ्याही आल्या, आणि एकाएकी पानं पिवळी पडायला लागली. उन्हाचा ताप सोसत नसेल, म्हणून तो बादली आणखी भरून नेऊ लागला. पानं गळतच राहिली.

शेवटी त्याने रोपवाटिकेतल्या माळ्याला वर आणलं. त्यांच्या मागोमाग चहाचे कप घेऊन बायकोही आली, न बोलता.

माळ्याने एक रोप उपटून काळी पडलेली मुळं दाखवली. "काका, वरून माती कोरडी, खाली नुसता चिखल. मुळं कुजलीत. दिवसातून दोनदा पाणी घालता काय?"

"छे हो! एकदाच. पहाटे."



"पहाटे? अहो, त्या गुडघ्यांनी कशाला चढलात? तुम्ही संध्याकाळी फिरायला गेलात की मी घालतेच की रोज!"