तिसऱ्या कडव्यातला श्वास

“श्वास आहे. नन्नाचं बरोबर होतं.” एवढं टाइप करून चष्मेवाल्याचा अंगठा थबकला. दुपारची वेळ. दुकानात एकच गिऱ्हाईक, तेही तपासणीची जड फ्रेम नाकावर घेऊन भिंतीवरच्या अक्षरांशी झटत होतं. एकदा पाठवलं की शब्द मागे घेता येणार नव्हता.

वाद जुना होता. सगळ्यांच्या लाडक्या गायिका बाई; त्यांच्या त्या गाण्यात, तिसऱ्या कडव्यात, सूर वर चढायच्या आधी बाई श्वास घेतात की नाही? चष्मेवाला म्हणायचा, छे, एका दमात जातात. नन्ना म्हणायचा, घेतात. नन्नाचं खरं नाव सगळे विसरले होते. कुणी काहीही म्हटलं तरी याचा नन्नाचा पाढा ठरलेला, म्हणून तो नन्ना.

तेव्हा दर रविवारी दुकानाच्या मागच्या खोलीत बाईंचं चाहता मंडळ भरायचं. काचा घासायच्या यंत्राशेजारी टेपरेकॉर्डर, दोन बाकडी, आणि ती पुरायची नाहीत म्हणून फ्रेमची रिकामी खोकी. नर्स यायची, ट्रकवाला यायचा, बँकेतला कॅशियर घरून डबा बांधून यायचा. गाणं कमी आणि भांडण जास्त. अशाच एका रविवारी ते कडवं मागे नेऊन नेऊन ऐकताना कॅसेटची फीत आत गुंतली आणि चष्मेवाल्याचं डोकं फिरलं.

“डोळे मी तपासतो,” तो सगळ्यांदेखत नन्नाला म्हणाला, “कान दुसरीकडे जाऊन तपासून घे!”

सगळे खो खो हसले. नन्नाही हसला. मग त्याने चपला घातल्या, गेला, आणि पुन्हा आला नाही.

मंडळात शांतता नांदू लागली. श्वास नाही यावर सगळ्यांचं एकमत झालं, आणि तिथेच मंडळाला घरघर लागली. एकमत झालेली माणसं रविवारची झोप मोडून कशाला येतील? कुणाची बदली झाली, कुणाची सून बाळंत झाली, कुणाचे गुडघे धरले. बाईंनीही गाणं सोडलं. उरला तो फोनवरचा गट. चष्मेवाला त्यात नेमाने बाईंचे फोटो टाकायचा. खाली एखाददुसरा अंगठा उमटायचा. त्यातला एक बायकोचा असायचा.

“बंद करा तो गट,” आज सकाळीच ती म्हणाली होती. “मढ्याला किती दिवस पावडर लावणार?” मग त्याचा चेहरा बघून तिने आवाज उतरवला. “नन्नाभावजी वाचतात का हो अजून?”

“वाचतो. कुणी वाचलं ते दिसतं ना. सगळ्यात आधी त्याचंच नाव असतं.”

“मग?”

“मग काय? बोलत नाही.”

मंडळाची फार आठवण येते, असं तो जगाला सांगायचा. खरं तर त्याला एकाच माणसाची आठवण यायची. मुलाने आणलेले भारी हेडफोन लावून त्याने आज ते कडवं पुन्हा ऐकलं होतं. श्वास सापडावा म्हणून जिवाचा कान केला होता. नाही सापडला. बाई पूर्वीसारख्याच एका दमात वर गेल्या. आपलंच बरोबर आहे याचं इतकं वाईट त्याला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

त्याने अंगठा टेकवला. गेलं.

“आता या काचेतून कसं दिसतंय?” त्याने गिऱ्हाइकाला विचारलं, तोच फोन थरथरला.

‘दादा, बरे आहात ना? श्वास?’ नर्सने लिहिलं. ट्रकवाल्याने गाडी बाजूला घेऊन गाणं ऐकलं होतं, ‘नाही म्हणजे नाही!’ कॅशियरला गटात एक शब्दही लिहिताना कुणी पाहिलं नव्हतं, त्याने पानभर लिहिलं. कुणीतरी नातीला कडवं ऐकवलं, आणि तीही आजोबांच्या बाजूने भांडायला गटात शिरली, येताना दोन मैत्रिणींना घेऊन. बायकोसुद्धा मागे राहिली नाही. ‘मी भिंतीपलीकडून वर्षानुवर्षं ऐकलंय. श्वास नाही. आणि येताना दूध आणा.’ मढं चांगलं उठून बसलं होतं आणि कडाकडा भांडत होतं.

सगळे त्याच्याच जुन्या बाजूने बोलत होते आणि तो एकटा पलीकडे उभा होता. त्याला त्याचं काही नव्हतं. तो एकच नाव शोधत होता.

‘नन्ना लिहीत आहे’ असं दिसलं. गेलं. परत दिसलं.

“अहो,” गिऱ्हाईक कुरकुरलं, “मला तर सगळं धूसर दिसतंय.”

“थांबा जरा,” चष्मेवाला शर्टाच्या बाहीने डोळे पुसत म्हणाला, “मलाही.”

मग ते उत्तर आलं.

‘नाही. श्वास नाहीच. मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. पण मीही हो म्हटलं असतं, तर दर रविवारी तुझ्याकडे यायला निमित्त काय राहिलं असतं?’