हाल्मोश पेटरची हजेरी

“हाल्मोश पेटर!”

लास्लो आजोबांनी टेबलावर मूठ आपटली. ओटमीलचा बाऊल खाली पडला. शेजारच्या टेबलावरच्या आजीबाई घाबरून रडायला लागल्या. “हाल्मोश पेटर!” आजोबा आणखी जोरात ओरडले.

सुनंदा मॉप घेऊन धावली.

कॅनडातल्या ग्वेल्फच्या त्या नर्सिंग होममध्ये तीन आठवडे रोज सकाळी हेच चाललं होतं. ब्याऐंशी वर्षांच्या लास्लोंना स्मृतिभ्रंश झाला होता. इंग्लिश पार पुसलं गेलं होतं. उरली होती फक्त हंगेरियन, आणि ती तिथे कुणालाच येत नव्हती. ब्रेकफास्टला बसले की ते काहीतरी बडबडायला लागत आणि एका ठरावीक शब्दाशी येऊन संतापत. आज त्यांची मुलगी क्लारा ओकव्हिलहून आली होती. गुंगीचं औषध सुरू करायला तिची सही हवी होती. हेड नर्स ब्रेंडा फॉर्म घेऊन तिच्याशेजारी बसली होती.

सुनंदा इथे मदतनीस होती. नागपूरला चौदा वर्षं तिने शाळेत शिकवलं होतं. इथे त्या चौदा वर्षांना कुणी विचारत नव्हतं. तीन ठिकाणी अप्लाय केलं, तिन्हीकडून नकार आला, आणि तिने मुकाट्याने एप्रन चढवला. प्रोबेशनचा एक महिना अजून बाकी होता. पेशंटच्या औषधपाण्यात मदतनिसांनी बोलायचं नाही, हे ब्रेंडाने पहिल्याच दिवशी बजावलं होतं.

लास्लोंनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

“आर्दाई योझेफ.” थांबले. “बार्ता इश्त्वान.” पुन्हा थांबले. दर वेळी मान किंचित वर होई, नजर समोरून फिरे आणि परत टेबलावर येई. तर्जनी तिथे एकेक ओळ खाली सरकत होती.

सुनंदाचा फरशी पुसणारा हात थबकला. हे असं थांबणं तिच्या चांगलंच ओळखीचं होतं.

“चेके यानोश.”

“हजर!”

मराठीतच निघून गेलं तिच्या तोंडून. ब्रेंडाने चमकून पाहिलं. लास्लोंनी मात्र बोटाने टेबलावर बारीकशी खूण केली आणि शांतपणे पुढचं नाव घेतलं.

“डोबोश फेरेन्त्स.”

“हजर.”

“एर्दोश मिहाय.”

“हजर, सर.”

आजोबांचा आवाज खाली आला होता. आजीबाईंचं रडणं थांबलं होतं.

“हाल्मोश पेटर.”

“हजर!”

लास्लोंनी मान वर केली. तिच्याकडे रोखून पाहिलं आणि नाही म्हणून मान हलवली. बाकीच्यांची प्रॉक्सी त्यांनी चालवून घेतली होती. याची नाही.

सुनंदाने मॉप भिंतीला टेकवला. आता नोकरीचं काय व्हायचं ते होवो. “मॅडम, तुमचे वडील शिक्षक होते का?” तिने क्लाराला विचारलं.

“हो, कॉलेजात. फॉरेस्ट्री शिकवायचे. का?”

“ते ओरडत नाहीयेत. हजेरी घेताहेत. आमच्याकडेही हजेरीपटात आडनाव आधी असतं.”

क्लाराचं पेन हातातच राहिलं. “हंगेरियनमध्ये नेहमीच आडनाव आधी,” ती सावकाश म्हणाली. “म्हणजे पीटर हाल्मोश! अगं, मी इथेच वाढले, हंगेरियन जेमतेमच येते. माझ्या डोक्यातच आलं नाही.”

मग तिने सांगितलं. १९५६ साली उठाव चिरडायला हंगेरीत रशियन रणगाडे आले तेव्हा लास्लो सीमेजवळच्या शोप्रोन गावी शिकवत होते. तिथल्या फॉरेस्ट्री कॉलेजचे दोनशेएक विद्यार्थी आणि त्यांचे प्राध्यापक सीमा ओलांडून ऑस्ट्रियात गेले. पुढे व्हँकुव्हरच्या युनिव्हर्सिटीने त्या सगळ्यांनाच घेतलं, आणि हंगेरियन पोरं कॅनडात बसून हंगेरियनमधून शिकून पदवीधर झाली. लास्लोंनी सीमेपलीकडे पाऊल ठेवल्या ठेवल्या आपल्या वर्गाची हजेरी घेतली होती. पेटर हाल्मोश त्यात नव्हता. आईला आणतो म्हणून तो अर्ध्या वाटेवरून मागे फिरला होता.

“त्याला मारलं?” सुनंदाने भीत भीत विचारलं.

“छे! आई घर सोडेना, म्हणून तोही राहिला. तिथेच नोकरी केली, संसार केला. अजून दर नाताळात त्याचं कार्ड येतं, फोन नंबरासकट.”

सुनंदाने लास्लोंच्या टेबलावरच्या बोटाकडे पाहिलं. “मुलगा आला नाही तर आम्ही गैरहजेरी मांडतो आणि पुढचं नाव घेतो,” ती म्हणाली. “यांनी चौपन्न वर्षांत त्याची गैरहजेरी मांडलेली नाही.”

क्लाराने फॉर्म ब्रेंडाकडे परत सरकवला. “उद्यापर्यंत थांबू या,” ती म्हणाली. ब्रेंडाने एकदा सुनंदाकडे पाहिलं आणि फॉर्म घडी करून खिशात ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला क्लारा हजर होती. हंगेरीत तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. तिने आपला फोन स्पीकरवर टाकून लास्लोंच्या ताटलीशेजारी ठेवला. हजेरी सुरू झाली. एकेका नावाला सुनंदा ओ देत गेली आणि ते नाव आलं तशी गप्प झाली.

“हाल्मोश पेटर.”

फोनमधून कुणीतरी घसा खाकरला. मग एक थकलेला, थरथरता आवाज आला. “येलेन, तनार ऊर.”

हजर, सर.

लास्लोंचं बोट टेबलावर थांबलं. ते कितीतरी वेळ त्या फोनकडे पाहत राहिले. मग त्यांनी चष्मा नीट केला आणि कडक आवाजात दोनच शब्द बोलले.

“काय म्हणाले?” सुनंदाने विचारलं.

क्लाराला हसू आवरेना, रडूही आवरेना.

“‘उशिरा आलास,’ म्हणाले. ‘बस.’”