सशांचं खोकं

पाय पचकन पडला आणि प्रेमलताच्या अंगावर शिसारी आली. मामाजींच्या खाटेखाली पुन्हा ओलं! नव्या घराची नवी फरशी, दिवाळीच्या आधी पॉलिश केलेली, आणि तिच्यावर हे असं. वास तर असा, की सकाळचा चहा घशाशी आला.

"झालं! केली घाण मेल्यायनं!" ती ओरडली. "आज आठवा दिवस आहे. आज हे ससे घरातून गेलेच पाहिजे."

शहाऐंशीच्या दिवाळीत ही मंडळी मनीषनगरच्या घरात राहायला आली. प्रेमलताचे सासरे, म्हणजे तिचे मामाजी, रुपराव गुरुजीही गावाहून, खाप्याहून, कायमचे इथं आले. आणि पंधरा दिवस होत नाहीत तोच एकदा गावी जाऊन बाजारातून दोन पांढरे ससे घेऊन परतले. कोणी मागितले होते? नातीनं मागितली होती बाहुली. वर म्हणाले, "हे माझ्याच खोलीत राहतीन."

हे कोण म्हणतंय, तर गुरुजी! ज्यांनी तीस वर्षं शाळेत पोरांची नखं तपासली. प्रेमलताला पाहायला आले तेव्हा पत्रिका नंतर मागितली, आधी हात पुढे करायला लावून तिची नखं पाहिली. अशा माणसाच्या खाटेखाली लेंड्या! प्रेमलताला तर भाजीतले काळे मिरेसुद्धा पाहवेनासे झाले होते.

शेवटी तिनं नवऱ्याला, कृष्णकांतला, निर्वाणीचं सांगितलं. त्यानं ओळखीच्या नत्थूजींना बोलावलं. नत्थूजी एका कॉलेजात प्रयोगाचे ससे सांभाळायचे.

"वहिनी, तुमी रोज फिनाइलनं घासता, म्हनून हे येडे होऊन राहिले," नत्थूजी म्हणाले. "एका खोक्यात गवत टाका. त्यायच्याच चार लेंड्या त्यात राहू द्या. वासावर बरोबर तिथंच जातीन. खोकं मातर धुऊ नका. धुतलं, की सारं विसरून पुन्हा घरभर करतीन." आठ दिवसांत शिकले नाहीत तर आपणच घेऊन जाऊ, असंही ते बोलून गेले.

प्रेमलतानं तेही केलं. लाकडी खोकं आणलं. नाकाला पदर बांधून स्वतःच्या हातानं चार लेंड्या त्यात ठेवल्या आणि मग तीनदा साबण लावून हात धुतले. एवढं करून आज पुन्हा तेच!

कृष्णकांत टोपलं घेऊन खोलीत आला. "चल, काढ त्यायले. नत्थूजीकडे सोडून येतो."

गुरुजी खाटेवरून धडपडत उठले. "राहू दे गा क्रिष्णा. मुके जीव आहेत. शिकतीन." त्यांनी टोपल्याची कडा धरली, ती सोडेचनात. एवढ्या संतापातही प्रेमलताला हसू आलं. काय हा पुळका! इतक्या दिवसांत एकदा तरी सशाच्या पाठीवरून हात फिरवला होता का यांनी?

ती फडकं घेऊन खाली वाकली. आधी खोकं पुढे ओढलं. लेंड्या सगळ्या खोक्यात होत्या, बाहेर एक नाही. खोक्याच्या कोपऱ्यात सशांचं मूत वाळून पांढरा थर बसला होता, पानाच्या चुन्यासारखा. तो थर ती चांगला ओळखत होती. रोज फरशीवरून तोच तर खरवडायची. मग तिनं खाटेखाली पाहिलं. ओल्याची कड वाळत आली होती, आणि तिथं पांढरं काहीच नव्हतं.

तिचा हात थांबला.

खिडकीबाहेर तारेवर मामाजींचं धोतर वाळत होतं. या घरात आल्यापासून ते पहाटेच उठून आपलं धोतर आपण धुवायचे, आणि ती शेजारपाजारी त्याचं कौतुक सांगत फिरायची. आणि हा वास? ससे येण्याआधीही या खोलीत हाच वास यायचा. तेव्हा तिनं नळवाल्याला शिव्या घातल्या होत्या.

तिनं मान वर केली. गुरुजी तिच्याकडे पाहत नव्हते. खाली मान घालून स्वतःची नखं पाहत होते.

किळस होतीच. ती काय लगेच जाते? पण तिनं हात लावून टोपलं अडवलं.

"अहो, ठेवा ते टोपलं," ती म्हणाली. "ससे कुठी जात नाहीत."

"काहून? आठ दिवस तूच माझं डोकं खाऊन राहिली होती ना वं?"

"मले लळा लागला त्यायचा."

कृष्णकांतनं कपाळावर हात मारला आणि टोपलं घेऊन निघून गेला. प्रेमलतानं खाटेखालचं सगळं पुसून घेतलं. मग खोकं अंगणात नेलं, फिनाइलची अख्खी बाटली त्यात उपडी केली आणि घासून घासून धुतलं. वास म्हणून ठेवला नाही.

संध्याकाळपर्यंत ससे सगळं विसरले. बैठकीत, स्वयंपाकघराच्या दाराशी, मामाजींच्या खाटेखाली, सुचेल तिथं त्यांनी करून ठेवलं. प्रेमलताला ओकारी येत होती. नाकाला पदर लावून ती मधल्या दारात उभी राहिली आणि खोलीतल्या म्हाताऱ्याला नीट ऐकू जाईल अशा आवाजात सशांवर ओरडली,

"मेलेहो, हे सारं तुमचंच काम! दुसरं कोन करन ह्या घरात?"