सासऱ्याची डांगरी

शुवाई सासऱ्याची गॅरेजात घालायची डांगरी चढवून अंगणात आली, तेव्हा तिच्या सासूनं, माईनं, हातातला चहा खाली ठेवला.

पोटाशी कोंबलेली उशी, गालाला ग्रीस, हातात त्याचाच तो लांब स्क्रू-ड्रायव्हर. रडता रडता बायका हसू लागल्या. मेलेल्याची नक्कल सुनेनं करायची आणि तिला कुणी अडवायचं नाही, ही रीत. मेलेल्या चामुनोर्वाला सून एकच, आणि तिच्या नजरेतून मुंगीही सुटायची नाही. माईला कालपासून हीच धास्ती होती.

साऱ्या साकुब्वा वस्तीत माईच्या नवऱ्याचं मेकॅनिक म्हणून नाव होतं. इंजिनाला स्क्रू-ड्रायव्हर टेकवायचा, दुसरं टोक कानाला लावायचा, डोळे मिटायचा आणि दुखणं सांगायचा. ते नाव धडपणे त्याच्याबरोबर गावच्या मातीत जावं, एवढंच तिला हवं होतं.

“हाक मारताय? मारा!” शुवाई घसा फोडून ओरडली. “प्रत्यक्ष बायकोचा बाप आला तरी मी मागे वळायचा नाही!”

हशा पिकला. “अगदी तस्सा!” माईच्या दिरानं, गरिकाईनं, मांडीवर थाप मारली. “मोठा गर्विष्ठ. सख्ख्या भावालासुद्धा ओ द्यायचा नाही.”

“गर्व कसला, भावोजी,” माई म्हणाली. “कामात असायचे.”

तेही खरंच होतं. रेल्वेच्या वर्कशॉपात बॉयलर ठोकण्यात जवानी गेली. मग आंब्याच्या झाडाखाली स्वतःचं गॅरेज. पोरांच्या फिया त्यानं कधी चुकवल्या नाहीत. रविवारी दाराशी बसून सगळ्यांचे शाळेचे बूट स्वतः घासायचा, आणि त्या बुटांत तोंड दिसल्याशिवाय उठायचा नाही.

“आणि ही कोण माझ्या कोपराला लटकलीय?” शुवाईनं हात झटकला. “सोड गं बाई! गिऱ्हाईक काय म्हणेल?”

हा टोमणा जुना होता. बॉनेट उघडलं की माई हात पुसत घरातून यायची आणि नवऱ्याच्या कोपराला धरून उभी राहायची. बाया म्हणायच्या, पहारा देतेय, कुणी पळवील म्हणून. इतकी वर्षं तीही त्यांच्याबरोबर हसली. आज हसू येईना. पुरे कर गं पोरी, ती मनात म्हणत राहिली.

शवपेटी लॉरीत चढली. गावी कबर खणून तयार होती, आणि सूर्य बुडाल्यावर माती द्यायची नाही, असा तिकडच्या वडीलधाऱ्यांचा निरोप होता. ड्रायव्हरनं चावी फिरवली. लॉरी खोकली, थरथरली, गप्प झाली. गॅरेजच्या गड्यांनी बॅटरी बदलली. पुन्हा तेच. ऊन डोक्यावर आलं.

“ज्याला इंजिनाचं ऐकू यायचं, तो पेटीत निजलाय,” गरिकाई डोळे पुसत म्हणाला.

“कोण म्हणतं निजलाय?” शुवाईनं गड्यांना बाजूला सारलं. “आई, या इकडे. तुमच्याशिवाय बाबांनी कधी बॉनेट उघडलंय?”

माई जागची हलेना. अख्खं अंगण तिच्याकडे बघत होतं. जावं तर जीव धजेना, न जावं तर तो इथेच दारात अडकणार. अखेर ती उठली आणि डांगरीचं ते मळकं कोपर तिनं धरलं.

“मार स्टार्टर!” शुवाईनं ड्रायव्हरला फर्मावलं.

लॉरी थरथरली. शुवाईनं स्क्रू-ड्रायव्हर कानाला लावून डोळे मिटले. माईनंही श्वास रोखला. मग तिची बोटं कोपरावर आवळली. एकदा, आणि पुन्हा एकदा, बॉनेटपाशी नेहमी आवळायची तशी.

“बघा,” मागून एक बाई हुंदक्यात म्हणाली, “अजून सोडवत नाही बिचारीला.”

“डिझेलच्या नळीत हवा शिरलीय!” शुवाई सासऱ्याच्या आवाजात गरजली. “गाढवांनो, बॅटऱ्या कसल्या बदलताय?”

गडी हसत हसतच वाकले. नळीचा नट ढिला निघाला. त्यांनी तो आवळला, हवा काढली, आणि लॉरी गरजत उठली. बायकांनी जिभा हलवून किलकारी दिली.

“अंगात आला गं भाऊ माझा!” गरिकाई लहान पोरासारखा रडला.

लॉरी वस्तीबाहेर पडली. पेटीजवळ बसलेली माई मान वर करत नव्हती. शुवाईनं डांगरीच्या बाहीनं गालाचं ग्रीस पुसलं, शालीखालचा माईचा थंडगार हात आपल्या हातात घेतला आणि कानाशी वाकली.

“जमली ना आई, बहिऱ्या माणसाची नक्कल?”